वर्गमित्रांनी एकमेकांना शिकवण्याला वेळापत्रकात जागा असावी का?

खडूफळा (धागाकर्ती)

विद्यार्थी एकमेकांना शिकवतातच. परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात एकाच वहीभोवती जमलेला घोळका पाहिला की वेगळा पुरावा लागत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, जे आज शेवटच्या क्षणी आणि केवळ मैत्रीच्या भरवशावर चालते, त्याला आठवड्यातून निदान दोन तासिका हक्काच्या मिळाव्यात. कारण वर्गात ज्याला मित्र नाहीत त्याच्यापर्यंत ही मदत पोहोचतच नाही आणि बहुधा तिची सर्वाधिक गरज त्यालाच असते.

मी सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकांच्या बेरजेत एक मुलगा १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ असे लिहीत होता. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा नसतो, आधी समच्छेद करायचे असतात, हे मी त्याला तीनदा सांगितले. त्याने तीनदा मान डोलावली आणि पुढच्या उदाहरणात तेच केले. शेजारच्या मुलीने, जी आठवड्यापूर्वी स्वतः हीच चूक करत होती, त्याला सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढायला लावल्या, एकीचे दोन भाग आणि दुसरीचे पाच. मग तिने विचारले, "तुझे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे आहे की लहान?" त्याने पट्ट्या पाहिल्या आणि तो गप्प झाला. "अर्ध्यात काहीतरी मिळवलेस, मग ते अर्ध्याहून कमी कसे झाले?" हा प्रश्न मला सुचला नव्हता, कारण ती चूक करून मला इतकी वर्षे झाली आहेत की ती आतून कशी दिसते तेच मी विसरून गेले आहे. त्या मुलीला ते अजून आठवत होते.

१९८२ साली कोहेन, कुलिक आणि कुलिक या संशोधकांनी शाळांमधल्या अशा शिकवण्यांवरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिकणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्या मुलांचाही त्या विषयात फायदा झालेला त्यांना आढळला. तेव्हा हुशार मुलाचा वेळ वाया जातो ही नेहमीची तक्रार मला तितकीशी पटत नाही.

मागचा बाक

मला ती तक्रार पटते, कारण मी तो हुशार मुलगा होतो. दोन वर्षे माझे गणित आधी संपे आणि सर म्हणत, "याला जरा सांग." मी काय करत असे ते प्रामाणिकपणे सांगतो. शेजाऱ्याच्या हातातली पेन्सिल मी घेत असे, त्याच्या वहीत उदाहरण सोडवत असे आणि "कळले का?" असे विचारत असे. तो हो म्हणे. त्याची वही पूर्ण दिसे, सर समाधानी असत आणि त्याला काहीही येत नसे. परीक्षेत तो नापास झाला तेव्हा मला फार वाईट वाटले, पण मी काय चुकलो हे मला कोणी सांगितले नाही, कारण शिकवायचे कसे हेही कोणी सांगितले नव्हते. रॉस्को आणि ची या संशोधकांनी २००७ साली नेमके हेच मांडले आहे: शिकवणारी मुले बहुतेक वेळा स्वतःला येते तेवढे सांगून मोकळी होतात, त्यावर पुन्हा विचार करत नाहीत, आणि मग त्यांचा स्वतःचा फायदाही थोडाच होतो.

दुसरा मुद्दा इतिहासाचा आहे. मद्रासमधल्या एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केले, १७९७ साली त्याचा वृत्तांत इंग्लंडमध्ये छापला आणि १७९८ च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही त्याच धर्तीवर शाळा चालवली. एका शिक्षकात शेकडो मुले शिकवता येतात म्हणून ती पद्धत झपाट्याने पसरली. तिचे आकर्षण स्वस्ताईत होते. मुले वाचलेले घोकत आणि मॉनिटर, म्हणजे शिकवणारी ही मोठी मुले, ऐकून घेत, पण अर्थ विचारण्याची पाळी आली की मॉनिटरही अडत असे. शेवटी १८४६ साली इंग्लंडमधल्या सरकारला त्याऐवजी १३ वर्षांच्या पुढच्या मुलांना शिक्षकाच्या हाताखाली पाच वर्षांची उमेदवारी देण्याची योजना आणावी लागली. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून त्या मुलांकडून भरून काढण्याचा मोह तेव्हा होता, तसाच तो आजही आहे, आणि वेळापत्रकात दोन तासिका दिल्यात की त्या मोहाला अधिकृत दार उघडेल.

शिदोरी

पालक म्हणून एवढेच सांगते की, कोण शिकवणार आणि कोण शिकणार हे वर्गापुढे ठरले की कपाळावर शिक्का बसतो. माझी मुलगी कायम "ज्याला सांगावे लागते" त्या बाजूला बसत असे. गणित सुधारले असेल, पण ती वर्गात प्रश्न विचारायची थांबली.

रात्रीची अभ्यासिका

मागचा बाक यांचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, कारण ते ज्याला शिकवणे म्हणतात ते उत्तर उतरवून देणे होते. महाविद्यालयातली दोन उदाहरणे पाहावीत. हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात एक पद्धत वापरली: संकल्पनेवरचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा नोंदवायचे. आक्षेप असा घेतला गेला की दुबळी मुले नुसती हुशार शेजाऱ्याचे उत्तर उचलत असतील. कोलोराडो विद्यापीठाच्या आनुवंशशास्त्राच्या वर्गात हे तपासले गेले आणि २००९ साली "सायन्स"मध्ये छापून आले: चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवला, तेव्हाही उत्तरे सुधारलेली होती, आणि ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नव्हते तिथेही सुधारणा दिसली. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी असा हा प्रकार नाही. दोघे मिळून वाट चाचपतात आणि चाचपताना बोलावे लागते, म्हणून ती सापडते.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. बर्कलीमध्ये यूरी ट्रीझमन यांनी १९७० च्या दशकात पाहिले की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत भरपूर करत होते, पण एकेकटे. तर चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत होते. ट्रीझमन यांनी गट सुरू केले ते कच्च्या मुलांची उजळणी म्हणून नव्हे, तर कठीण उदाहरणे एकत्र सोडवण्यासाठी. शिदोरी यांनी सांगितलेल्या शिक्क्यावरचे उत्तर मला इथे दिसते. वसतिगृहात आमचा गटही असाच होता, ज्याला त्या रात्री उदाहरण सुटत नसे तोच फळ्यापाशी उभा राही आणि बाकीचे फक्त "हे कशावरून?" एवढेच विचारत.

मागचा बाक

आपली दोन्ही उदाहरणे उत्तम आहेत, पण दोन्हींत प्रश्न कोणी काढले? विषयात मुरलेल्या प्राध्यापकांनी. माझुर यांच्या वर्गात चर्चेचा शेवट शिक्षकाच्या स्पष्टीकरणाने होतो. शिवाय महाविद्यालयातला विद्यार्थी स्वतः तो विषय निवडून आलेला असतो. अकरा वर्षांच्या मुलाला शेजारीही निवडता येत नाही. पद्धत चालते हे मी नाकारत नाही. ती चालवायला शिक्षकाचे काम वाढते, कमी होत नाही, हे जिथे लेखी मान्य होईल तिथेच ती सुरू व्हावी.

खडूफळा

काम वाढते हे मी पहिल्या महिन्यातच शिकले, आणि ते लेखी मान्य करायला माझी हरकत नाही. ज्या वर्गाला शिक्षकच नाही तिथे हे सुरू करू नये, ही अटही योग्य आहे.

पेन्सिलीचा किस्सा वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. उद्यापासून माझ्या वर्गात पहिला नियम हाच राहील की लेखणी शिकणाऱ्याच्याच हातात असेल आणि शिकवणाऱ्याने आपले हात बाकाखाली ठेवावेत. त्याच्याजवळ उत्तर नसेल, तीन प्रश्नांची चिठ्ठी असेल: तुला काय वाटते, ते कशावरून, आणि चित्र काढून दाखवशील का. शिदोरी यांच्या म्हणण्यावरून दुसरा नियम: एकाच तासिकेत दोघांनी भूमिका बदलायच्या. व्हँडरबिल्ट विद्यापीठात फुक्स दांपत्याने वाचनासाठी जोड्यांची जी पद्धत बसवली, तिच्यातही दोन्ही मुले पाळीपाळीने सांगणारी आणि वाचणारी होतात, त्यामुळे कायमचा मास्तर कोणीच राहत नाही.

मागचा बाक

मग आणखी एक अट घाला. ज्या मुलाला शिकवायचे नसेल त्याला नाही म्हणता यावे. मला कोणी विचारले नव्हते.

खडूफळा

ही अट मला मान्य करता येत नाही. आपल्याला विचारायला हवे होते, हे खरे. परंतु नाही म्हणण्याची मुभा दिली की पहिल्याच आठवड्यात ज्या मुलाला सगळे नाही म्हणतील, तो कोण असेल हे मला आताच ठाऊक आहे, आणि त्याच्यासाठीच मी या दोन तासिका मागत आहे.