चौथीतली शाब्दिक उदाहरणे : ‘जास्त’ दिसले की बेरीज

प्रश्न (चौथीतल्या मुलीची आई, इंदूर)

आमच्या घरी मराठी बोलली जात असली, तरी मुलगी इथे हिंदी माध्यमात शिकते. तिची बेरीज-वजाबाकी चोख आहे आणि पाढेही पाठ आहेत. परंतु शाब्दिक उदाहरण, म्हणजे तिच्या शाळेतला ‘इबारती सवाल’, समोर आले की मजकूर बाजूला ठेवून ती नुसते आकडे उचलते. काल विचारले, “डब्यात काही पेढे होते, त्यातले ७ वाटले आणि १५ उरले, तर आधी किती होते?” तिने लगेच १५ मधून ७ वजा करून ८ लिहिले. शिकवणीत ‘जास्त’ आले की बेरीज आणि ‘उरले’ आले की वजाबाकी, असे घोकून घेतले आहे. आताच ‘क्ष’ मानून समीकरण शिकवावे का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, ग्वाल्हेर)

ताई, दुखणे त्या घोकण्यातच आहे. “मीनाजवळ १२ गोट्या आहेत, त्या राजूच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत, तर राजूजवळ किती?” यात ‘जास्त’ आहे, पण करायची वजाबाकी. ‘क्ष’ची घाई नको. आधी आकडे झाकून गोष्ट तिच्या शब्दांत सांगायला लावा आणि मग जसे घडले त्याच क्रमाने लिहायला सांगा : □ − ७ = १५. उत्तर काढताना शेवटाकडून मागे यायचे; वाटलेले परत डब्यात टाकायचे, म्हणजे १५ + ७ = २२. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, हाच व्यस्तविधी सांगितला आहे : गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. मात्र ताळा तिलाच करू द्या. डब्यात ८ पेढे ठेवून ७ वाटले, तर एकच उरतो, हे दिसल्यावर आमच्या वर्गातली मुले न सांगता खोडरबर घेत असत.

उत्तर २ (एक पालक, बडोदे)

काकांचे म्हणणे मान्य, पण चौकट एका अज्ञात संख्येपुरती पुरते. पोहे आणि जिलबी मिळून ५० रुपये झाले, पोहे जिलबीपेक्षा १० रुपयांनी महाग, तर प्रत्येकाची किंमत किती? माझ्या मुलाने ४० आणि १० सांगितले. बेरीज जुळली, फरक मात्र ३० चा झाला. अशा वेळी पट्ट्या काढाव्यात. सिंगापूरच्या शाळांत ही पद्धत १९८० च्या दशकात रुजली. जिलबीची एक पट्टी, तिच्याखाली तेवढीच पोह्यांची आणि तिच्या टोकाला १० चा तुकडा. तो तुकडा बाजूला काढला की ४० चे दोन सारखे भाग उरतात : जिलबी २०, पोहे ३०. पट्टी मुलीनेच काढावी. आपण काढून दिली, तर तीही आणखी एक घोकलेला नियम होते.

उत्तर ३ (प्राथमिक शिक्षिका, इंदूर)

तिला ८ + ४ = □ + ५ सोडवायला द्या. चौकटीत १२ लिहिले, तर ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा तिचा समज आहे आणि तो राहिला, तर पुढे ‘क्ष’ही कामाचा नाही. तराजू काढून दोन्ही पारडी सारखी करायला लावा. ७ तिला सापडेल.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. पेढे सुटले. १२ मात्र लिहिलेच होते, त्यामुळे तराजू चालू आहे. पोह्यांच्या उदाहरणात तिने पट्ट्या नीट काढल्या, पण १० चा तुकडा जिलबीला जोडला आणि जिलबी ३० ची केली. गंमत अशी की बेरीज ५० आली, फरकही १० चा आला आणि ताळ्यात काहीच पकडता आले नाही. “महाग कोण?” असे विचारले तेव्हा ती मूळ वाक्याकडे वळली, ‘पेक्षा’वर बोट ठेवून दोनदा वाचले आणि तुकडा खोडून खालच्या पट्टीला लावला.