पीजेचं डिझेल इंजिन चौथऱ्यावर ठेवायचं की चालतं ठेवायचं?

पाचोरेकर: २०२० च्या लॉकडाऊनला आपली पाचोरा-जामनेर गाडी, म्हणजे पीजे, थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ होणार, जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत जाणार, त्याचा आनंदच आहे. पण नॅरोगेजच्या, म्हणजे जुन्या अरुंद रुळाच्या डिझेल इंजिनाचं काय करायचं विचारलं की जो तो म्हणतो रंगवा आणि स्टेशनसमोर चौथऱ्यावर ठेवा. मला हे अजिबात पटत नाही, चौथऱ्यावर चढलं की इंजिन गेलंच. शेंदुर्णी ते पहूरच्या मधे थोडा जुना रूळ राहू द्या, रविवारी एक फेरी मारा. कालका-शिमला पण आपल्याच ७६२ मिमी गेजची आहे ना, तिथं झेडडीएम-३ जातीचं डिझेल इंजिन घाट चढतं, आपल्याकडे तर सगळी सपाटी.

पहूरची लेक: भाऊ, तुमची माया कळते, पण रूळ ठेवणार कुठं? गेज बदलायचं म्हणजे बहुतेक जागी त्याच पट्ट्यावरून नवीन लाईन टाकायची. आणि ५६ किलोमीटरला दोन तासाच्या आसपास लागायचे, आमच्या गावच्या पोरींना सकाळच्या कॉलेजला ते परवडत नव्हतं, त्या काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून जायच्या. आधी त्यांची गाडी येऊ द्या. एका इंजिनासाठी जागा, डिझेल, माणसं अडकवायची हे मला चुकीचं वाटतं.

रिटायर्ड फिटर: मी कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या इंजिनांवर काम केलंय म्हणून लिहितो. ही इंजिनं डिझेल-हायड्रॉलिक, म्हणजे मेन लाईनच्या डिझेलसारखी चाकांना मोटर नाही, टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून जोर चाकापर्यंत जातो. असं इंजिन वर्षभर उभं राहिलं की सील कडक होतात, बेअरिंगवरचं तेल उतरून जातं, बॅटऱ्या बसतात, डिझेलच्या टाकीत पाणी जमतं. मग एकदम स्टार्टर मारला तर बेअरिंग कोरडीच घासतात. आम्ही आधी पहारीनं क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, हातानं फिरवायचो, दोन माणसं लागायची, पहिला अर्धा फेरा जड जायचा आणि मग एकदम हलकं व्हायचं, ते हाताला बरोबर कळायचं. गाडी पण व्हॅक्यूम ब्रेकची, व्हॅक्यूम चढल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, त्यामुळे होज पाईप फाटला की सगळंच अडलं. चालवायचं म्हणता ते बरोबर, पण हे येणारी माणसं आता साठीच्या पुढची आहेत, त्यांच्या हाताखाली पोरं देणार का ते सांगा.

पहूरची लेक: काका, हेच तर म्हणते मी, एवढं सगळं कोण करणार? नगरपरिषदेवर टाकलं की दोन वर्षात गंजतं.

पाचोरेकर: ताई, कॉलेजच्या पोरींचं मान्य, त्यात वादच नाही. नवीन लाईन होऊ द्या, जुना पट्टा नाही मिळाला तर पाचोरा यार्डात दोनशे मीटर द्या. पण आयटीआयच्या पोरांना काकांसारख्या माणसाजवळ उभं करा, डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा जळगाव जिल्ह्यात मला तरी दिसत नाही.

पहूरची लेक: दोनशे मीटर ठीक आहे. तिकीट लावा, आणि त्यातून डिझेल निघालं तरच चालवा, माझं मत यापुढे सरकत नाही.

रिटायर्ड फिटर: तोवर निदान कोणी आतले पार्ट काढू नका. दर महिन्याला क्रँक फिरवायला मी येतो, पहार घेऊन.