सत्र संपल्यावर ‘आठ दिवस द्या, सर’ म्हणणे रास्त आहे का?

तळटीप:
मी पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. गेल्या आठवड्यात, अंतर्गत गुण भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी स्पायरल केलेला प्रकल्प अहवाल घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आठ दिवस द्या, शेवटचे प्रकरण पुन्हा लिहून आणतो.” त्याला ३० पैकी १७ गुण पडले होते. अहवाल वेळेवर आला होता, पण निष्कर्ष एका पानात गुंडाळलेला होता आणि आलेखांच्या अक्षांवर एकके लिहिलेली नव्हती. मी नकार दिला. त्या वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि सर्वांना तीच तारीख दिलेली होती. त्यांतल्या कित्येकांना आपले प्रकरण पुन्हा लिहायला आवडले असते, पण तसे विचारता येते हेच त्यांना ठाऊक नाही. सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना ठीक आहे. ‘मागेल त्याला गुण’ ही योजना मी राबवू इच्छित नाही.

उंबरठा:
आपला नकार नियमाला धरून असेल, तरीही मला तो पटत नाही. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत गुण कमी वाटले, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. अंतर्गत गुणांच्या बाबतीत विद्यार्थ्यापुढे सरांच्या केबिनचे दार एवढा एकच मार्ग उरतो, आणि तो दार वाजवतो तेव्हा आपण त्याला मागणारा ठरवतो. शिवाय त्या गुणांचे वजन पाहा. २० श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) सत्रात ४ श्रेयांकांच्या एका विषयाची श्रेणी एका पायरीने वाढली, तर सत्राची सरासरी ०.२ ने वाढते. कॅम्पस मुलाखतींची यादी लागते तेव्हा ५.९ आणि ६.१ यांतला फरक काय असतो, हे मी स्वतः भोगले आहे. मी त्या काळात रात्री एका दुकानाचा हिशेब लिहीत असे. कोणत्याही सरांकडे वेळ मागितला नाही, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले दुसरे कोणी नव्हते आणि सरांशी असे बोलता येते हे सांगणारेही कोणी नव्हते.

घाटमाथा:
उंबरठा, आपल्या शेवटच्या वाक्याने आपलाच मुद्दा खोडला आहे. मूल रडल्याशिवाय आईही पाजत नाही असे म्हणतात, पण वर्गात रडता येणारी मुले बहुधा तीच असतात ज्यांच्या घरी कोणीतरी प्राध्यापक असतो. वेळ वाढवून द्यायचाच असेल, तर तो आधी जाहीर करून, निकष सांगून द्यावा. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटे अधिक देण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. तिथे विद्यार्थी कोणाची मनधरणी करत नाही. तो वेळ त्याच्या हक्काचा असतो. आजारपण, घरातला मृत्यू, अपघात यांसाठीही असाच लेखी नियम हवा. “माझे काम आणखी चांगले होऊ शकले असते” हे कारण मात्र त्यात बसत नाही. ते प्रत्येकाचेच असते.

जुनी वही:
अमेरिकेत शिकत असताना मी काही वर्षे सहायक अध्यापक होते. तिथे ‘अपूर्ण’ अशी श्रेणी असते: बरेचसे काम झालेले असेल आणि उरलेले आपल्या हातात नसलेल्या कारणाने अडले असेल, तर पुढील मुदत लेखी ठरवून दिली जाते. पण जमा केलेले काम सुधारण्यासाठी ती सहसा मिळत नाही. सत्राच्या मध्यावर कच्चा मसुदा तपासून परत देण्याची पद्धत मात्र मला तिथे फार उपयोगी वाटली.

उंबरठा:
तीच पद्धत इथे का नाही? कच्चा मसुदा कोणी पाहिलाच नाही, तर आपले प्रकरण उणे आहे हे मुलाला १७ गुण पाहूनच कळणार. तोवर तारीख उलटलेली असते, आणि मग आपण त्याला तारखेचे महत्त्व सांगतो.

तळटीप:
हा आक्षेप मला मान्य आहे. एका सत्रात ६० मसुदे वाचणे जड जाईल, तरी पुढच्या सत्रापासून सातव्या आठवड्यात मसुदा मागवणार आहे आणि अभिप्राय सर्वांना देणार आहे. अंतिम तारखेनंतर मात्र कोणालाही मुदत नाही.

उंबरठा:
म्हणजे या मुलाचे १७ तसेच राहणार?

तळटीप:
हो. गुण शनिवारी भरले. काल तो तोच अहवाल घेऊन पुन्हा आला. सगळ्या आलेखांवर पेन्सिलने एकके लिहिलेली होती, त्यांतली दोन चुकीची होती. ती दुरुस्त करून घेण्यात पाऊण तास गेला.