मदत हवी आहे: गाडी चालवताना डुलकी लागू नये म्हणून कोणते यंत्र घ्यावे?

घोडबंदरकर
मान पुढे कलली की वाजणारे, कानामागे अडकवायचे एक यंत्र मिळते. ते प्रत्यक्ष वापरलेल्यांनीच कृपया लिहावे. गेल्या मंगळवारी मी ऐरोलीच्या पुलावर चढलो, एवढे मला स्पष्ट आठवते. त्यानंतर शेजारच्या सीटवरचा डबा खाली आदळला तेव्हा मी आनंदनगर टोलनाक्याच्या अलीकडे होतो आणि उजवे चाक दुभाजकाला घासत होते. मधला रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्यापासून नाक्यावर थांबावेही लागत नाही, पूर्वी निदान काच खाली करावी लागे. यंत्र या आठवड्यातच घ्यायचे आहे.

रबाळे_लोकल
वाहन कोणते, वेळ कोणती आणि त्याआधी आपण किती झोपला होता, हे लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार?

घोडबंदरकर
डबा शेजारच्या सीटवर होता म्हणजे वाहन चारचाकीच असणार. महापे येथे रात्री दहा ते सकाळी सहा अशी पाळी असते आणि तिथून कासारवडवलीला परततो. माझा प्रश्न यंत्राचा आहे.

उरणफाटा
मी एकोणीस वर्षे कंटेनरचा ट्रेलर चालवतो आहे. यंत्रबिंत्र काही लागत नाही. काच उघडी ठेवावी, तोंडावर पाणी मारावे आणि हिरवी मिरची दाताखाली धरावी. मिरचीने झोप पळाली नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

रात्रपाळीची_परिचारिका
दादा, मिरचीने तोंड जागे होते, मेंदू नव्हे. वारा, पाणी, मोठ्याने लावलेली गाणी यांचा परिणाम काही मिनिटेच टिकतो, आणि आपण आता ताजेतवाने झालो या भ्रमात माणूस पुढचे वीस किलोमीटर रेटतो. शरीराच्या घड्याळात पहाटे दोन ते सहा हा झोपेचा सर्वांत गाढ पट्टा असतो, आणि घोडबंदरकर तो संपूर्ण पट्टा जागून लगेच स्टिअरिंग हाती घेतात. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवले होते. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्याची तपासणी नाकाबंदीत होते, झोपेची होत नाही.
पाळी संपल्यावर कंपनीच्या आवारातच एक कप कडक कॉफी घ्यावी आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटांचा गजर लावून पडावे. कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे डुलकी आणि कॉफी दोन्ही कामी येतात. उठल्यावरची सुस्ती जाईपर्यंत मात्र गाडी सुरू करू नये.

उरणफाटा
ताई, आवारात झोपायला सांगणे सोपे आहे. आम्ही उरण रस्त्याच्या कडेला ट्रेलर लावून झोपलो, तर मागून येणारा येऊन आदळतो. एकदा माझ्या मागच्या ट्रेलरची अशीच वाट लागली होती.

रात्रपाळीची_परिचारिका
कडेला झोपा असे मी लिहिलेलेच नाही. पेट्रोल पंपावर किंवा ट्रक टर्मिनसमध्ये थांबावे. आणि मिरची चावण्याची वेळ आली, तेव्हाच थांबायची वेळ झाली होती, हे आपणही जाणता.

पामबीच_सकाळ
मी डॅशकॅम घेण्याचा सल्ला देईन. चाक दुभाजकाला घासल्याचा दावा विमा कंपनीकडे करताना चित्रफीत हाताशी असलेली बरी.

रबाळे_लोकल
त्या चित्रफितीत ते झोपलेलेच दिसतील! घोडबंदरकर, घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडून पुढे बसने जाता येत नाही का? लोकलमध्ये झोप लागली तर फार तर ठाण्याला शेवटच्या थांब्यावर कोणीतरी हलवून उठवेल.

निद्राभंग
यंत्र मी वापरले आहे, म्हणून लिहितो. ते मान पुढे पडल्यावर वाजते, आणि मला डोके मागे टेकवून झोपायची सवय असल्याने ते एकदाही वाजले नाही. शिवाय क्षणिक झोपेत डोळे उघडेही राहू शकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी जवळजवळ ६७ मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतराला यंत्राची किंमत कोणती लावणार? आपण घोरता का? सुट्टीच्या दिवशीही झोप आवरत नाही का? औषधे कोणती घेता?

घोडबंदरकर
घोरण्याचा यात काय संबंध आहे ते कळले नाही. घोरतो, हे खरे आहे. हिचे म्हणणे असे की मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग मी दचकून मोठा श्वास घेतो. दुपारी मुले घरात असतात, त्यामुळे जेमतेम चार तास झोप मिळते. धुळीमुळे सर्दीची एक गोळी रोज पाळीआधी घेतो.

निद्राभंग
मग चार कारणे एकत्र आली आहेत. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि गोळ्यांच्या पट्टीवर गाडी चालवू नये अशी सूचनाही असते. आपल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. श्वास थांबणे हे झोपेतील श्वासरोधाचे लक्षण असू शकते. त्यात रात्रभर झोप तुटत राहते, पण सकाळी माणसाला ते आठवत नाही. मलाही माझ्याबद्दल तपासणीनंतरच कळले. छाती व श्वसनविकाराच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे झोपेची चाचणी लिहून घेता येते. तोवर दिवसा किती झोप येते हे मोजणारी एपवर्थ मापनपत्रिका भरा. आठ प्रश्न आहेत, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि बेरीज दहाच्या वर गेली तर दुर्लक्ष करू नये. आठवा प्रश्न रहदारीत काही मिनिटे थांबलेल्या गाडीत झोप येते का, असा आहे.

घोडबंदरकर
बेरीज सोळा आली. आठव्या प्रश्नाला मी तीन गुण दिले होते. ही म्हणाली, चार असते तर चार दिले असते. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि तोपर्यंत सकाळी घणसोलीहून लोकलने जातो आहे. गाडी चाळीखाली झाकून ठेवली असून किल्ली हिच्याकडे आहे. निद्राभंग, आपले ते न वाजलेले यंत्र विकायचे असल्यास कळवावे. हिला माझे घोरणे मोजायचे आहे.

निद्राभंग
ते घोरणे मोजत नाही.