मदत हवी आहे: मेनफ्रेमची फाइल लिनक्सवर आणली की ओळी जास्त भरतात

झेड/ओएसवरची (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम) फाइल लिनक्सवर आणून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायची आहे. एफबी (सगळे रेकॉर्ड एकाच लांबीचे), रेकॉर्डची लांबी ८० बाइट, रेकॉर्ड २५,०००. कॉपीबुक (रेकॉर्डचा कोबोलमधला आराखडा): खाते क्रमांक १० अक्षरं, नाव ३०, रक्कम एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ (चिन्हासह ७+२ अंक, एका बाइटात दोन), शाखा एस९(४) कॉम्प (२ बाइटांत बायनरी आकडा), उरलेले ३३ बाइट फिलर (रिकामी जागा).

एफटीपीने आस्की मोडमध्ये घेतली तर नावं स्वच्छ वाचता येतात, पण रक्कम म्हणजे नुसता कचरा आणि डब्ल्यूसी (ओळी मोजणारी आज्ञा) २५,३१८ ओळी मोजतं. बायनरी मोडमध्ये घेतली तर ओळी फक्त ४१२. टीआर (अक्षरं बदलणारी किंवा काढणारी आज्ञा) लावून जादा लाइन फीड (ओळ तोडणारे बाइट) उडवावेत का?

प्रतिसाद १

टीआर अजिबात नको. कुठला लाइन फीड एफटीपीने घातला आणि कुठला आकड्याच्या पोटातून आला, हे त्याला कसं कळणार?

एफबी फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण नसतेच. दर ८० बाइटला रेकॉर्ड संपतो, बस. आस्की मोड दोन कामं करतो: प्रत्येक बाइट एब्सिडिकमधून (मेनफ्रेमचे अक्षरसंकेत) आस्कीत बदलतो आणि रेकॉर्डच्या शेवटी खूण लावतो. रक्कम हा मजकूर नाही, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या कॉपीबुकात १२५०.०० रुपये हेक्समध्ये असे बसतात: ०० ०१ २५ ०० ०सी. एब्सिडिकमध्ये २५ म्हणजे लाइन फीड, १५ म्हणजे न्यू लाइन. भाषांतराच्या तक्त्यात यांपैकी जो आस्कीच्या ०ए ला (आस्कीतला लाइन फीड) जोडलेला असेल, तिथे ओळ तुटते. गंमत म्हणजे २५०० रुपयांना काही होत नाही, कारण ०० ०२ ५० मध्ये २ आणि ५ वेगवेगळ्या बाइटांत पडतात. शाखा ३७ मात्र हेक्समध्ये ०० २५ होते, म्हणजे तीही गोत्यात.

शिवाय आस्की मोडमध्ये रेकॉर्डच्या शेवटच्या रिकाम्या जागा सहसा छाटल्या जातात, त्यामुळे फिलरही गेला. ही फाइल दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, पुन्हा आणा.

बायनरीच बरोबर. आकार २०,००,००० बाइट हवा, एकही कमी-जास्त नको. त्या ४१२ ‘ओळी’ बहुधा शाखा १० च्या नोंदी असाव्यात: ०० ०ए.

प्रतिसाद २

पायथनमध्ये फाइल आरबी (बायनरी वाचन) मोडमध्ये उघडा आणि ८०-८० बाइट वाचा. रीडलाइन नको. आधी बाइट कापा, मग फक्त पहिली ४० सीपी०३७ (एब्सिडिकचा एक तक्ता) ने डीकोड करा. पुढचे ५ बाइट अर्ध्या-अर्ध्या बाइटने उलगडायचे: नऊ अंक आणि शेवटी चिन्ह, सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. शाखेचे २ बाइट बिग-एंडियन (वरचा बाइट आधी), चिन्हासह.

सगळा रेकॉर्ड एकदम डीकोड करून स्प्लिटलाइन्स (मजकूर ओळींत तोडणारं फंक्शन) लावण्याचा मोह हमखास होतो. स्प्लिटलाइन्सला ०सी (फॉर्म फीड) आणि ८५ हेही ओळीचे शेवट वाटतात. सीपी०३७ मध्ये १५ चं ८५ होतं. आणि शेवटचा अंक शून्य असलेली प्रत्येक जमा रक्कम ०सी वर संपते, उणे असेल तर ०डी वर, म्हणजे कॅरेज रिटर्न. पैसे शून्य असलेल्या रकमा खात्यांत किती असतात ते सांगायला नको.

मेनफ्रेमवर जॉब टाकता येत असेल तर तिथेच डीएफसॉर्टने (मेनफ्रेमचं सॉर्टिंगचं साधन) ४१व्या स्थानापासूनचे ५ बाइट पीडी (पॅक्ड डेसिमल, म्हणजे कॉम्प-३) म्हणून वाचून एडिटने चिन्हासकट छापील आकड्यात बदला, शाखा एफआय (चिन्हासह बायनरी) म्हणून. मग सगळा मजकूरच उरतो आणि आस्की मोड बिनधास्त चालतो. मी हाच मार्ग धरेन.

धागाकर्ता

दुसरी फाइल व्हीबी (रेकॉर्डची लांबी कमी-जास्त) आहे. तिला ८० चं गणित कसं लावायचं?

प्रतिसाद १

नाही लागणार. व्हीबीत प्रत्येक रेकॉर्डपुढे चार बाइटांचा आरडीडब्ल्यू (रेकॉर्डची लांबी सांगणारा भाग) असतो, आणि बायनरीत घेताना एफटीपी तो सहसा गाळतो. मग रेकॉर्ड एकमेकांना चिकटतात. गेट (फाइल आणायची आज्ञा) देण्याआधी ‘क्वोट साइट आरडीडब्ल्यू’ द्या. पहिले दोन बाइट लांबी सांगतात, त्यात स्वतःचे चार धरून: हेक्समधले ०० ५४ ०० ०० म्हणजे ८४, डेटा ८०.

डेटासेट आधी यूएसएसमध्ये (झेड/ओएसचा युनिक्स भाग) कॉपी करून एसएफटीपीने नेत असाल तर सीपीला (कॉपीची आज्ञा) -बी (कॅपिटल, म्हणजे बायनरी) द्या. नाहीतर तो मजकूर समजून रेकॉर्डामागे न्यू लाइन घालतो आणि एसएफटीपीला उगाच शिव्या बसतात.

धागाकर्ता

पहिली फाइल २०,००,००० बाइट आली. शाखा १० च्या नोंदी मोजल्या: ४१२.