लहान छेदाची हृदयशस्त्रक्रिया: पायासाठी वेगळी नळी प्रत्येक पेशंटला घालावी का?

पंपापाशी (परफ्युजनिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन चालवणारे तंत्रज्ञ)
छातीचं मधलं हाड न कापता, बरगड्यांमधल्या लहान छेदातून मायट्रल व्हॉल्व्हचं (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं) ऑपरेशन करताना, तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनची धमनीतली नळी बहुधा जांघेतून घालतात. १८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) कॅन्युला, म्हणजे हीच नळी, बाहेरून ६ मिलिमीटर जाड असते. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक व्हॉल्व्हच्या (संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या) पेशंटमध्ये बारीक चणीच्या तरुण बायका पुष्कळ. त्यांच्या फेमोरल, म्हणजे जांघेतल्या, धमनीत ही नळी बसली की भोवतीने रक्त जायला फार थोडी जागा उरते, कधी उरतही नाही. मशीन रक्त वर महाधमनीकडे ढकलतं आणि तो पाय तासन् तास आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांच्या भरवशावर राहतो. त्यामुळे पायाच्या दिशेने ६ फ्रेंचची वेगळी नळी सरसकट घालावी, असं माझं ठाम मत आहे.

दक्षिण_सर्जन
सरसकट नको. प्रत्येक जादा टोचणीबरोबर रक्तस्राव, धमनीचा आतला थर सुटणं, गुठळी हे धोके येतात. बहुतेकांचा पाय त्या बारीक वाहिन्यांवर निभावून जातो. आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून धमनी मोजा, शक्य तिथे लहान कॅन्युला वापरा, दोन्ही पोटऱ्यांवर एनआयआरएसचे पॅड (कातडीवरून प्रकाशाने आतला ऑक्सिजन मोजणारे) लावा. आकडा घसरला तरच नळी घाला.

पंपापाशी
सर, आकडा घसरतो तेव्हा आपण कुठे असतो? हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेलं, हृदय थांबवलेलं, व्हॉल्व्ह उघडा. पंपाच्या प्रवाहाला ठोका नाही, म्हणून नाडी हाताला लागत नाही. नळीच्या खालची धमनी दबलेली. तिच्यात त्या घाईत सुई घालणं किती अवघड जातं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सुरुवातीला, धमनी भरलेली असताना, तेच काम सोपं असतं.

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी
पॅडवर माझा विश्वास आहे, पण तो कातडीखालचे जेमतेम दोनेक सेंटिमीटर बघतो. चरबी जाड असेल तर फसवतो. नुसत्या आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक मला जास्त सांगून जातो. आणि खरी काळजी आयसीयूतली. पेशंट झोपेच्या औषधावर, दुखतंय असं सांगणार कोण? रक्त परत सुरू झाल्यावर स्नायू सुजतात, पोटरी कडक होते, कंपार्टमेंट सिंड्रोम होतो, म्हणजे आतल्या दाबाने स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. वेळेत फॅसिऑटॉमी (स्नायूवरचं आवरण चिरून दाब मोकळा करणं) झाली नाही तर स्नायू मरतो, आणि त्यातून सुटलेलं पोटॅशियम नि मायोग्लोबिन (स्नायूतलं प्रथिन) हृदय आणि किडनीवर येतं. दर तासाला पोटरी दाबून बघा, डॉप्लरने (ध्वनिलहरींनी) रक्तप्रवाह तपासा. नळी घातली म्हणून हे चुकत नाही. ती वाकते, तिच्यात गुठळी होते.

एक_नातेवाईक
माझ्या वहिनीचं असंच ऑपरेशन झालं. व्हॉल्व्ह उत्तम चालतोय, पण पाऊल अजून बधिर आहे, जिना उतरताना पाय अडखळतो. आम्हाला सांगितलं होतं ते एवढंच की व्रण लहान राहील, घरी लवकर जाल. पायाला धोका असतो हे कुणीच बोललं नाही. तुमचा वाद नळीचा आहे, पण आधी आम्हाला सांगा तरी!

दक्षिण_सर्जन
ताई, हे सांगायलाच हवं होतं. संमतीपत्र समजावताना पायाचा धोका वेगळा सांगितलाच पाहिजे, यावर दुमत नाही. नळीबद्दल मी एवढं मान्य करतो: धमनी बारीक असेल किंवा ऑपरेशन लांबणार असेल, तर नळी आधीच घालावी. नाहीतर धमनीला ८ मिलिमीटरचा डेक्रॉन ग्राफ्ट (कृत्रिम धाग्याची विणलेली नळी) शिवून त्यातून रक्त द्यावं, म्हणजे ते वर-खाली दोन्हीकडे जातं. त्याला वेळ लागतो, शिवणीतून रक्त झिरपतं, पाय कधी प्रमाणाबाहेर भरतो. पण धडधाकट, रुंद धमनीच्या माणसाला केवळ नियम म्हणून दुसरं भोक पाडणार नाही.

पंपापाशी
ऑपरेशन लांबणार हे आधी कळतं कुठे, सर? दुरुस्ती जमत नाही म्हणून व्हॉल्व्ह बदलायचं ठरतं ते टेबलावरच. तोवर पायाचे दोन तास गेलेले असतात. माझं मत बदललेलं नाही.