मोटारहोममागे स्पोर्ट्स कार ओढत नेणे: सोलापूरच्या रस्त्यांवर हे योग्य आहे का?

सात रस्ता (धागा मांडणारे)

मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन दूरच्या प्रवासाला निघावे आणि तिच्यामागे स्पोर्ट्स कार जोडून न्यावी, ही कल्पना मांडली की आपल्याकडे बहुतेक जण तिला श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून बाजूला सारतात. मला ते मत मान्य नाही. ॲरिझोनात स्थायिक झालेले माझे आतेभाऊ निवृत्तीनंतर याच पद्धतीने हिंडतात. मोटारहोममागच्या ट्रेलरवर त्यांची दोन आसनांची, उघड्या टपाची माझदा एमएक्स-५ असते. मोटारहोम मुक्कामाच्या जागी उभी राहते आणि रोजचे फिरणे लहान गाडीतून होते. तिकडे ही केवळ हौस नसून गरजही आहे. झायन राष्ट्रीय उद्यानातील १९३० सालचा बोगदा इतका अरुंद आहे की ११ फूट ४ इंच उंचीची किंवा ७ फूट १० इंच रुंदीची वाहने त्यातून सोडण्यासाठी वर्षानुवर्षे समोरची वाहतूक थांबवावी लागत असे. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील डोंगरी रस्त्याच्या मधल्या टप्प्यात तर २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला प्रवेशच नाही. मागे लहान गाडी नसेल तर मोटारहोमवाल्याला असा रस्ता बाहेरूनच पाहून परतावे लागेल.

आता आम्ही दोघे मिळून येथे एक कॅराव्हॅन, म्हणजे तशीच मोटारहोम, तयार करून घेण्याच्या विचारात आहोत. सोलापूरहून नळदुर्ग, मग विजयपूर, पुढे हंपी असा पहिला प्रवास योजला आहे. मागे ट्रेलरवर दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार न्यावी, अशी आतेभावांची इच्छा आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, रस्ते रुंद झाले, कृषी पर्यटन केंद्रांत मोठी गाडी उभी करण्याइतकी मोकळी जागा असते. मग हे का जमू नये? घरात यावरून दोन तट पडले आहेत, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

मोहोळकर

जमू नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण आपल्या जिल्ह्यातच रोज डोळ्यांसमोर दिसते. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या पुणे महामार्गावर येतात. रात्री मोहोळच्या अलीकडे अशा गाडीमागे आपण असलो की आधी दिसतो तो फक्त ऊस. मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला असतो, आणि पुढे ट्रॅक्टर किती अंतरावर आहे याचा अंदाज ओव्हरटेक सुरू केल्यानंतरच येतो. चढावर मागची ट्रॉली डावी-उजवीकडे झुलते, तेव्हा शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला रस्ता सोडून खाली उतरावे लागते. या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी ज्याच्या ओळखीतले कोणी ट्रॉलीवर आदळून गेले नाही, असा माणूस मला क्वचितच भेटतो.

आपली गाडी नीटनेटकी असेल, तिला दिवे असतील, हे मान्य. परंतु जोडून चालणाऱ्या लांब वाहनाशी कसे वागावे याची सवय आपल्या रस्त्यावर कोणालाच नाही. मोटारहोम पुढे गेली की मागे मोकळी जागा आहे असे समजून दुचाकीवाला मध्ये घुसतो आणि तेथे ट्रेलर असतो. ऊस वाहणाऱ्याला दुसरा मार्ग नाही, आपल्याला आहे. हौसेसाठी रस्त्यावर आणखी एक जोडवाहन आणू नये.

डफरीन चौक

मोहोळकर यांची भीती रास्त आहे, पण त्याआधी कायद्याचा विचार व्हावा, कारण अनेकांच्या मनात येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली पद्धत म्हणजे गाडीची चारही चाके रस्त्यावर ठेवून, तिच्या नाकाला लोखंडी दांडा जोडून तिला ओढत नेणे. अमेरिकेत ही पद्धत सर्रास दिसते. आपल्याकडे ज्याला टोचन म्हणतात ते याहून फारसे वेगळे नाही आणि आपल्या नियमांचा रोख असा आहे की टोचन हे बंद पडलेल्या किंवा अपूर्ण बांधणीच्या गाडीसाठी असते, धडधाकट गाडी सहलीला ओढून नेण्यासाठी नव्हे. शिवाय ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस बसलेला असावा किंवा तिची पुढची चाके उचललेली असावीत, अशी अपेक्षा असते. त्यातच त्या दांड्यासाठी गाडीच्या पुढच्या भागात पट्टी बसवावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले ते याच कलमाच्या आधारे. तेव्हा ही पद्धत आपल्यासाठी बाद समजावी.

दुसरी पद्धत ट्रेलरची. ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे; त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही कलम ६१ नुसार ट्रेलरवर दिसला पाहिजे. फॅब्रिकेशनच्या दुकानातून ट्रेलर तयार करून घेतला आणि हुकाला अडकवला, असे चालणार नाही. चालकाच्या परवान्याचाही प्रश्न आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यासाठी वजनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या परवान्यावर त्या मर्यादेच्या आतील परिवहन वाहने चालवण्यास मुभा असल्याचे स्पष्ट केले, मर्यादा मात्र तीच राहिली. मोठ्या चासीवर कॅराव्हॅन बांधली तर साधा परवाना पुरणार नाही. सात रस्ता यांनी पैसे गुंतवण्यापूर्वी आरटीओत जाऊन लेखी विचारणा करावी, असा माझा आग्रह आहे.

भीमाकाठ

डफरीन चौक यांनी कायद्याने जी पद्धत बाद ठरवली, ती यंत्राच्या दृष्टीनेही आपल्या उपयोगाची नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी शंभर किलोमीटर ओढली की चाकांबरोबर आतले भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत गिअरबॉक्स जळालेला असतो. अमेरिकेत चार चाकांवर ओढण्यासाठी जीप रँग्लर इतकी लोकप्रिय आहे, कारण तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्समधून पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारा भाग, न्यूट्रलमध्ये टाकता येतो आणि मग चाकांबरोबर गिअरबॉक्स फिरत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक आहेत. त्यातून या दांड्यावरच्या गाडीसह मागे सरकता येत नाही. मोटारहोम थोडी जरी रिव्हर्स घेतली तरी मागच्या गाडीची पुढची चाके भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. नळदुर्गला गावातून किल्ल्याकडे वळताना समोरून एसटी आली तर काय करणार?

ट्रेलरला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. स्पोर्ट्स कार ही ओढण्यासाठी वाईट गाडी आहे हा समज चुकीचा आहे. एमएक्स-५ चे वजन साधारण १,०६० किलो भरते, म्हणजे हल्लीच्या अनेक एसयूव्हींपेक्षा ती कितीतरी हलकी. अडचण वजनाची नसून उंचीची आहे. ट्रेलरवर चढवताना तिचे नाक उताराच्या पट्टीला घासते, म्हणून रॅम्पच्या तोंडाशी दोन लांब सागवानी फळ्या ठेवून चढ आधी सौम्य करावा लागतो, विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) गाडी इंच-इंच ओढावी लागते आणि एका माणसाने गुडघ्यावर बसून बंपरखालची फट सतत पाहत राहावी लागते. गाडी वर आली की पट्टे चासीला न बांधता चाकांवरून घ्यावेत. तसे केले की स्प्रिंगांना आपले काम करता येते आणि खड्ड्यात पट्टा सैल पडत नाही. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टा पुन्हा ताणावा. हे सारे शिकता येते.

मोहोळकर यांना एवढेच सांगेन की उसाच्या ट्रॉलीचा दोष ती जोडलेली असण्यात नाही. तिला ब्रेक नाही, दिवा नाही आणि भाराला मर्यादा नाही, हा तिचा दोष आहे. दोष नेमका तेथे धरला नाही तर चांगल्या रीतीने जोडलेले वाहनही आपण विनाकारण नाकारू.

विजापूर वेस

मला मुळात स्पोर्ट्स कारच का हवी, हे समजत नाही. हंपीला रिक्षा मिळते, विजयपूरला गोलघुमटापर्यंत टांगाही मिळतो. कॅराव्हॅनच्या मागे कॅरिअरवर एक स्कूटर बांधली तर काम भागते आणि ट्रेलर, नोंदणी, परवाना हा सगळा व्याप टळतो.

सात रस्ता

विजापूर वेस, स्कूटरने काम भागेल, पण आतेभावांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि उन्हात स्कूटरवर त्यांना बसवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय गाडी चालवण्याचा आनंद हाही प्रवासाचाच भाग आहे, असे आम्ही दोघेही मनापासून मानतो. होस्पेटच्या पुढे, सकाळच्या वेळी, दोन्ही बाजूंना दगडांचे डोंगर असताना उघड्या टपाच्या गाडीतून जाणे ही उधळपट्टी नव्हे. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाची ती इच्छा आहे आणि तिचा मान राखावा.

माळरान

इच्छेचा मान राखावा, हे मीही म्हणेन. परंतु भीमाकाठ यांनी गाडीचे वजन सांगितले आणि ट्रेलरचे वजन हिशेबात धरले नाही, म्हणून लिहितो. मी व्यवसायाने अवजड वाहनांच्या ब्रेकचे काम करतो.

लोखंडी ट्रेलर आणि त्यावर एक टनाची गाडी म्हटली की भार दोन टनांच्या घरात जातो. ट्रेलर झुलू नये म्हणून त्यातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर मोटारहोमला जोडतो त्या सांध्यावर, यावा लागतो. म्हणजे दोनशे ते तीनशे किलो मोटारहोमच्या अगदी शेपटाशी, मागच्या चाकांच्याही मागे टांगले जातात. त्याने पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि ओल्या रस्त्यावर पुढचे ब्रेक हवे तसे धरत नाहीत. हा भार मोटारहोमच्या स्वतःच्या कमाल वजनातही मोजायचा असतो. ज्या कॅराव्हॅनमध्ये पलंग, स्वयंपाकाचा ओटा, बॅटऱ्या आणि दोनशे लिटर पाण्याची टाकी आधीच आहे, तिच्या चासीवर एवढे वजन शिल्लक असते का, हे वजनकाट्यावर नेऊन पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये. भार पुढे कमी ठेवून ही अडचण सोडवायला गेलो, तर ट्रेलर ताशी सत्तरच्या वेगाला झुलू लागतो आणि एकदा झुलू लागला की घाबरून ब्रेक दाबणारा चालक त्याला अधिकच झुलवतो.

आता तुळजापूरचा घाट घ्या. सह्याद्रीतल्या घाटांच्या मानाने तो लहान आहे, तरीही उतरताना दोन टन मागून ढकलत असताना मोटारहोमचे ब्रेक एकटेच काम करत असतील, तर मे महिन्याच्या दुपारी, पारा चाळिशीपार असताना, ब्रेकचे ड्रम तापून पकड सुटायला वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, तो याच कारणाने. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. ज्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे आणि कपलिंग तुटल्यास तो ब्रेक आपोआप लागण्याची सोय आहे, त्यालाच माझी संमती. गावातल्या कारागिराने उत्तम वेल्डिंग केलेला पण ब्रेक नसलेला ट्रेलर कितीही देखणा असला तरी मी माझ्या माणसांना त्याच्यापुढच्या गाडीत बसू देणार नाही.

माझ्या मते सोपा मार्ग वेगळा आहे. चालक दोघे आहेत, मग गाड्याही दोन चालवाव्यात. एकाने कॅराव्हॅन घ्यावी, दुसऱ्याने स्पोर्ट्स कार, आणि टप्प्याटप्प्याला अदलाबदल करावी. हंपीपर्यंतचा रस्ता चांगला आहे. स्पोर्ट्स कार ट्रेलरवर बांधून नेण्यापेक्षा तो तिच्या चाकांखाली जावा.

भीमाकाठ

माळरान यांचा वजनाचा मुद्दा मला पटला आणि ब्रेकविना ट्रेलर नको, यावर आमचे एकमत आहे. दोन गाड्यांच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कमी उंचीच्या गाडीत बसून प्रत्येक गावाच्या वेशीवरचे गतिरोधक तिरके घेत, ट्रकांच्या चाकांच्या उंचीवरून तीनशे किलोमीटर जावे, हे ट्रेलरपेक्षा सुरक्षित आहे असे मला वाटत नाही. लहान गाडी ट्रकचालकाला आरशात दिसतच नाही. शिवाय मुक्कामी पोहोचल्यावर दोघेही थकलेले असतील, ते वेगळेच.

मोहोळकर

तेच तर मी सांगत आहे. ज्या रस्त्यावर लहान गाडी दिसत नाही, त्या रस्त्यावर तीच गाडी ट्रेलरवर ठेवल्याने रस्ता बदलत नाही. निदान प्रवास दिवसाच करावा, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा आणि गळीत हंगाम संपल्यावरच निघावे.

सात रस्ता

सर्वांचे आभार. आतेभावांना हा सारा मजकूर वाचून दाखवला. ब्रेकविना ट्रेलर घ्यायचा नाही, हे आमचे नक्की झाले. कॅराव्हॅनच्या बांधणीचा आराखडा अजून कागदावरच असल्याने, मागे दोनशे ते तीनशे किलोचा भार धरूनच चासी निवडावी, असे आम्ही ठरवत आहोत. तेवढी क्षमता मिळाली नाही तर माळरान यांच्या सूचनेप्रमाणे दोन गाड्या नेऊ, मात्र स्पोर्ट्स कार मी चालवीन. मोहोळकर यांची हंगामाची सूचना अडचणीची आहे, कारण ऊस संपेपर्यंत ऊन चढते. तरी अंधारात गाडी रस्त्यावर आणणार नाही, हे आम्ही मान्य केले आहे.

ज्या कोणी सोलापूर किंवा पुणे आरटीओत मोटार वाहून नेणाऱ्या खासगी ट्रेलरची नोंदणी केली असेल, त्यांनी कोणती कागदपत्रे लागली आणि ब्रेकची तपासणी कशी झाली, ते कृपया लिहावे. माळरान, आपण म्हणता तशी आपोआप ब्रेक लागण्याची सोय येथे बसवून मिळते का, की ट्रेलर तयारच आणावा लागतो?